अलार्म लावण्यापलीकडे फोनचे व्हॉइस असिस्टंट का गेले नाहीत?

जून २०२४ मध्ये ॲपलने आपल्या वार्षिक डेव्हलपर परिषदेत सिरीचं एक प्रात्यक्षिक दाखवलं. आयफोनला प्रश्न विचारला जातो, 'आईचं विमान कधी उतरतंय?' सिरी ईमेलमधून विमानाचा तपशील शोधते, ते विमान आत्ता कुठे आहे हे तपासते आणि वेळ सांगते. पुढचा प्रश्न येतो, 'जेवणाचं काय ठरलं होतं?' सिरी जुन्या मेसेजमधून तो बेत काढून देते. विमानतळावरून तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, हेही सांगते.

नव्या आयफोनच्या जाहिरातींमध्येही अशीच हुशार सिरी दिसू लागली. मग ७ मार्च २०२५ रोजी कंपनीने सांगितलं की या सुविधांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागणार आहे. संबंधित जाहिरात मागे घेतली गेली. 'जे दाखवून फोन विकला ते फोनमध्ये नाहीच', असं म्हणत अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टात धाव घेतली. सिरीची जबाबदारी कंपनीतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, माइक रॉकवेल यांच्याकडे देण्यात आली.

ही फक्त ॲपलची गोष्ट नाही. गुगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि सॅमसंग या सगळ्यांनी गेल्या दशकभरात 'फोनशी बोला, तो काम करेल' असं आश्वासन दिलं. त्या काळात फोनचा कॅमेरा कुठच्या कुठे गेला, इंटरनेट टूजीवरून फाइव्हजीवर आलं. पण व्हॉइस असिस्टंटचा रोजचा वापर आजही बहुतेकांसाठी अलार्म, टायमर, हवामान, गाणी आणि 'अमक्याला फोन लाव' एवढाच आहे. त्यातही काही वेळा उत्तर येतं, 'माफ करा, मला समजलं नाही.'

असं का झालं? अब्जावधी डॉलर आणि जगातले उत्तम इंजिनिअर हाताशी असूनही ही गाडी कुठे अडली?

सुरुवात कशी झाली?

सिरीचा जन्म ॲपलमध्ये झालेला नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने २००३ मध्ये 'कॅलो' नावाच्या प्रकल्पाला पैसा दिला. लष्करी अधिकाऱ्यांना कामात मदत करणारा आणि अनुभवातून शिकणारा संगणकी सहायक तयार करणं हे त्याचं उद्दिष्ट होतं. कॅलिफोर्नियातली 'एसआरआय इंटरनॅशनल' ही संस्था या प्रकल्पाची प्रमुख होती. त्यातूनच पुढे सिरी नावाची छोटी कंपनी निघाली.

फेब्रुवारी २०१० मध्ये सिरीचं ॲप आलं. हॉटेलात टेबल राखून ठेवणं, टॅक्सी बोलावणं अशी कामं ते दुसऱ्या सेवांशी जोडून करायचं. दोनच महिन्यांत ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये 'आयफोन ४एस'सोबत सिरी जगासमोर आली.

त्यानंतर शर्यतच लागली. २०१२ मध्ये 'गुगल नाऊ' आलं. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'कोर्टाना' आणि ॲमेझॉनची 'अलेक्सा' आली. २०१६ मध्ये 'गुगल असिस्टंट' आणि २०१७ मध्ये सॅमसंगची 'बिक्सबी' आली. विशेष म्हणजे सिरीच्या मूळ संस्थापकांपैकी काहींनी ॲपल सोडून 'विव्ह' नावाची नवी कंपनी काढली होती. तीही २०१६ मध्ये सॅमसंगने घेतली.

कोर्टानाचं मोबाइल ॲप मार्च २०२१ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२३ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत आपल्या कोर्टानासह या सगळ्याच असिस्टंटना 'दगडासारखे मठ्ठ' म्हटलं होतं.

बोललेलं वाक्य फोनमध्ये गेल्यावर काय होतं?

समजा तुम्ही म्हणालात, 'उद्या सकाळी साडेपाचचा अलार्म लाव.' माणसाला हे कळायला क्षणही लागत नाही. पारंपरिक व्हॉइस असिस्टंटमध्ये मात्र याचे पाच टप्पे होतात.

पहिला टप्पा हाक ओळखण्याचा. 'हे सिरी' किंवा 'ओके गुगल' हे शब्द कधी येतात याकडे फोनमधली एक छोटी, कमी वीज खाणारी यंत्रणा सतत कान देऊन असते. हाक ऐकू आल्याशिवाय पुढचं काही सुरू होऊ नये, अशी तिची रचना असते.

दुसरा टप्पा आवाजाचं लिखित शब्दांत रूपांतर करण्याचा. गल्लीतली लाऊडस्पीकरची गाणी, रिक्षाचा आवाज, पंख्याची घरघर हे सगळं बाजूला काढून 'उद्या सकाळी साडेपाचचा अलार्म लाव' हे शब्द मिळवायचे असतात.

तिसरा टप्पा अर्थ लावण्याचा. या वाक्यामागचा हेतू काय? अलार्म लावणं. त्यासाठी लागणारी माहिती काय? दिवस उद्याचा, वेळ ५.३० ची. म्हणजे वाक्याचे तुकडे करून ते आधीच आखलेल्या रकान्यांत भरायचे.

चौथा टप्पा काम करण्याचा. घड्याळाच्या ॲपला योग्य तो आदेश द्यायचा.

पाचवा टप्पा उत्तर देण्याचा. 'उद्या सकाळी साडेपाचचा अलार्म लावला आहे' हे वाक्य तयार करून आवाजात ऐकवायचं.

आता एक साधं गणित करू. समजा यातला प्रत्येक टप्पा १०० पैकी ९५ वेळा बरोबर चालतो. ऐकायला ते छान वाटतं. पण पाचही टप्पे एकाच वेळी बरोबर यायचे असतील तर ०.९५ ला पाच वेळा गुणावं लागतं. उत्तर येतं साधारण ०.७७. म्हणजे जवळपास दर चार आज्ञांमागे एक फसणार. चारपैकी एकदा चुकणाऱ्या मदतनिसावर कोणी महत्त्वाचं काम सोपवत नाही. दोनदा प्रयत्न करून लोक पुन्हा बोटाने स्क्रीनवर टाइप करू लागतात.

मग घोडं पेंड कुठे खातंय?

आवाज ओळखण्याचं तंत्र गेल्या दहा-बारा वर्षांत खूपच सुधारलं. मराठीत कीबोर्डवरचा माइक दाबून मेसेज बोलून लिहिणारे लोक हे रोज अनुभवतात. बोललेलं बऱ्यापैकी बरोबर उमटतं. म्हणजे फोनचा कान सुधारला आहे. खरी अडचण तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात होती, अर्थ लावण्यात आणि काम करण्यात.

जुन्या असिस्टंटमध्ये प्रत्येक काम माणसांनी आधी आखून ठेवलेलं असायचं. अलार्मचा एक साचा, हवामानाचा दुसरा, फोन लावण्याचा तिसरा. वाक्य साच्यात बसलं तर काम होतं, नाही बसलं तर 'इंटरनेटवर हे मिळालं' म्हणत यादी पुढे केली जाते. 'अलार्म लाव' जमतं. पण 'पाऊस असेल तर अर्धा तास आधी उठव' म्हटलं की दोन साचे एकत्र करावे लागतात आणि तिथे गाडी अडते.

नवा साचा जोडणंही सोपं नव्हतं. सिरीवर काम केलेले माजी इंजिनिअर जॉन बर्की यांनी २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितलं होतं की सिरीच्या शब्दसाठ्यात साधी भर घालायची तरी सगळा डेटाबेस नव्याने उभारावा लागे आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ जाई. गुंतागुंतीची नवी सुविधा असेल तर जवळपास वर्ष लागू शकत असे.

दुसरी अडचण इतर ॲप्सची. फोन हा एक वाडा मानला तर प्रत्येक ॲप म्हणजे कुलूप लावलेली वेगळी खोली. सुरक्षेसाठी ते गरजेचंच आहे, नाहीतर गेम खेळायचं ॲप बँकेच्या ॲपमध्ये डोकावलं असतं. पण यामुळे असिस्टंटलाही त्या खोल्यांत जाता येत नाही. ॲपलने २०१६ मध्ये बाहेरच्या ॲप्सना सिरीशी जोडायला परवानगी दिली, ती मेसेज, पैसे पाठवणं, टॅक्सी, व्यायाम, फोटो शोधणं अशा मोजक्याच कामांसाठी. ॲप बनवणाऱ्यांनाही त्यात फार रस नव्हता. ग्राहकाने आपलं ॲप उघडलंच नाही, तर त्याला जाहिरात कुठे दिसणार आणि दुसरी वस्तू कशी विकणार?

तिसरी अडचण वापरणाऱ्याच्या बाजूची. स्क्रीनवर बटणं दिसतात, त्यामुळे काय करता येतं ते कळतं. आवाजाला बटणं नसतात. असिस्टंटला काय येतं आणि काय येत नाही, याचा अंदाज वापरणाऱ्याला लागत नाही. मग जे एकदा जमलं तेच तो पुन्हा पुन्हा करतो. अलार्म जमला, म्हणून अलार्मच. कंपन्यांच्या आकडेवारीत बाकीच्या सुविधा पडून राहिलेल्या दिसतात आणि त्या काढून टाकल्या जातात. गुगलने जानेवारी २०२४ मध्ये असिस्टंटमधल्या कमी वापरल्या जाणाऱ्या १७ सुविधा अशाच बंद केल्या.

पैशाचं गणितही जुळलं नाही

प्रगती मंदावण्यामागे तंत्रज्ञानाइतकंच अर्थकारणही आहे. गुगलवर काही शोधलं की स्क्रीनवर जाहिराती दिसतात. आवाजात उत्तर देताना एकच उत्तर द्यायचं असतं, तिथे जाहिरात घुसवली तर ऐकणारा वैतागतो.

ॲमेझॉनचा हिशेब वेगळा होता. अलेक्साची यंत्रं स्वस्तात विकायची, लोक त्यावर बोलून खरेदी करतील आणि नफा तिथून निघेल, अशी ती कल्पना होती. लोकांनी मात्र अलेक्साला गाणी लावायला आणि वेळ विचारायला वापरलं. वस्तू न बघता, किंमत न ताडता नुसतं तोंडाने सांगून विकत घेणं फारसं कोणी केलं नाही. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या बातमीनुसार २०१७ ते २०२१ या काळात ॲमेझॉनच्या उपकरण विभागाला २५ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. २०२२ च्या अखेरीस कंपनीने केलेल्या नोकरकपातीचा फटका याच विभागाला मोठ्या प्रमाणावर बसला.

जिथे थेट कमाई नाही तिथे कंपन्या टिकून राहण्यापुरताच पैसा घालतात. व्हॉइस असिस्टंट अनेक वर्षं तसेच राहिले, असून अडचण नसून खोळंबा.

चॅटजीपीटी आल्यावर तरी लगेच बदल का झाला नाही?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि लोकांना पहिल्यांदाच आपलं आडवंतिडवं वाक्यही समजून घेणारं यंत्र भेटलं. साहजिकच प्रश्न आला, हे डोकं सिरीत किंवा गुगल असिस्टंटमध्ये बसवलं की झालं ना?

ते इतकं सरळ नाही, कारण या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या पद्धतीने चालतात.

जुना असिस्टंट नियमांवर चालतो. त्याला थोडंच येतं, पण जे येतं ते दर वेळी सारखंच करतो. चॅटजीपीटीसारखी लार्ज लँग्वेज मॉडेल शक्यतांवर चालतात. पुढचा शब्द कोणता असू शकेल याचा अंदाज बांधत ती वाक्य रचतात. त्यामुळे ती जवळपास कशावरही बोलू शकतात, पण मधूनच पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचंही सांगतात. निबंध लिहिताना एखादं वाक्य चुकलं तर खोडता येतं. पहाटेचा अलार्म वाजलाच नाही किंवा पैसे भलत्याच माणसाला गेले, तर ते कसं निस्तरणार?

जानेवारी २०२५ मध्ये याची झलक दिसली. आयफोनवर बातम्यांच्या नोटिफिकेशनचा सारांश देणाऱ्या नव्या एआय सुविधेने बीबीसीच्या नावाने चुकीचा मथळा दाखवला होता. बीबीसीने तक्रार केली आणि ॲपलला बातम्यांसाठीची ती सुविधा थांबवावी लागली. त्याच महिन्यात ॲमेझॉनचे एआय प्रमुख रोहित प्रसाद यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला सांगितलं की अलेक्साच्या बाबतीत अशा मनगढंत उत्तरांचं प्रमाण शून्याच्या जवळ आणावं लागेल. नव्या अलेक्साचं प्रात्यक्षिक सप्टेंबर २०२३ मध्ये झालं होतं. 'अलेक्सा प्लस'ची प्रत्यक्ष घोषणा व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला.

वेगाचा मुद्दाही आहे. दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासात हे दिसलं आहे. चॅटजीपीटीच्या सुरुवातीच्या व्हॉइस सुविधेला उत्तर द्यायला, मॉडेलनुसार, सरासरी २.८ ते ५.४ सेकंद लागत. मे २०२४ मध्ये आलेल्या 'जीपीटी-४ओ'ने ते सरासरी ०.३२ सेकंदावर आणलं, कारण त्यात आवाज ऐकणं, समजणं आणि बोलणं एकाच मॉडेलमध्ये होतं. पण इतकं मोठं मॉडेल फोनमध्ये मावत नाही. ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतं आणि प्रत्येक प्रश्नामागे कंपनीचा खर्च होतो. फोनमध्येच मॉडेल चालवायचं तर मेमरी जास्त लागते. म्हणूनच ॲपलची एआय सुविधा 'आयफोन १५ प्रो'पासून पुढच्याच फोनवर चालते.

ॲपलचं घोडं नेमकं कुठे अडलं, हे कंपनीचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी जून २०२५ मध्ये सांगितलं. सिरीची पहिली नवी रचना चालत होती, पण पुरेशी भरवशाची नव्हती. तिला कितीही डागडुजी केली तरी हवा तो दर्जा येणार नाही हे लक्षात आल्यावर कंपनी दुसऱ्या, मुळापासून वेगळ्या रचनेकडे वळली.

गुगलचा अनुभव उलट्या बाजूने तसाच आहे. २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवर जुन्या असिस्टंटच्या जागी 'जेमिनी' घ्यायची सोय झाली. जेमिनी गप्पा उत्तम मारायचं, पण सुरुवातीला जुन्या असिस्टंटची कित्येक साधी कामं त्याला येत नव्हती. कंपनीने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत बहुतेक फोनवर असिस्टंटची जागा जेमिनी घेईल. पुढे ती मुदत २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

हुशार असिस्टंट म्हणजे नवा धोकाही

असिस्टंटने 'आईचं विमान कधी उतरतंय' हे सांगावं असं वाटत असेल, तर त्याला ईमेल, मेसेज, कॅलेंडर, संपर्क आणि तुम्ही कुठे आहात हे सगळं बघू द्यावं लागतं. इथे विश्वासाचा प्रश्न येतो आणि त्या बाबतीत कंपन्यांचा इतिहास निर्मळ नाही. सिरीचं काही रेकॉर्डिंग कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचं २०१९ मध्ये 'गार्डियन'ने उघड केलं. त्यानंतर ॲपलने माफी मागून पद्धत बदलली. सिरीने लोकांचं बोलणं न विचारता टिपल्याच्या आरोपावरून चाललेल्या अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीने आरोप अमान्य करत साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

दुसरा धोका नवा आहे. लँग्वेज मॉडेलला मालकाचा हुकूम आणि वाचायला दिलेला मजकूर यांतला फरक नीट कळत नाही. समजा कोणी तुम्हाला ईमेल पाठवला आणि त्यात दडवून लिहिलं, 'हा मेल वाचणाऱ्या असिस्टंटने अमुक करावं.' असिस्टंट ते तुमचंच सांगणं समजून करू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संशोधकांनी हेच दाखवून दिलं. कॅलेंडरच्या आमंत्रणात सूचना लपवून त्यांनी जेमिनीकरवी घरातली स्मार्ट उपकरणं चालवली. गुगलने यावर उपाय केल्याचं सांगितलं. पण असिस्टंटच्या हाती जितकी जास्त कामं देऊ तितकं हे जपणं अवघड होत जाणार, हे स्पष्ट आहे.

आणि मराठीचं काय?

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८.३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरी. गुगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठीत आला. २०२४ मध्ये जेमिनी ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं आणि त्याच वर्षी बोलून गप्पा मारण्याची 'जेमिनी लाइव्ह' सुविधाही या भाषांत आली. अलेक्साला २०१९ पासून हिंदी येतं, मराठीची पाळी मात्र त्यासोबत आली नाही.

भाषा यादीत आली म्हणजे ती कळू लागली असं नाही. यंत्र भाषा शिकतं ते नमुन्यांवरून. 'व्हिस्पर' हे ओपनएआयचं आवाज ओळखणारं मॉडेल २०२२ मध्ये आलं तेव्हा ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलं होतं. त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग निव्वळ इंग्रजीचा होता. उरलेल्यात शंभरेक भाषा दाटीवाटीने बसवलेल्या होत्या.

मराठीची स्वतःची वळणंही आहेत. 'लाव' हे एकच क्रियापद घ्या. फोन लाव म्हणजे कॉल कर. गाणं लाव म्हणजे वाजव. अलार्म लाव म्हणजे वेळ ठरव. लाइट लाव म्हणजे चालू कर. पण दार लाव म्हणजे बंद कर! 'परवा' या शब्दाचा अर्थ दोन दिवसांनी की दोन दिवसांपूर्वी, हे क्रियापदाच्या काळावरून ठरतं. वेळ सांगताना आपण सव्वा, साडे, पावणे म्हणतो. पावणेसहा म्हणजे सहाला पंधरा मिनिटं कमी, हे यंत्राला वेगळं शिकवावं लागतं.

फोन लावण्यात आणखी गंमत आहे. मराठीत प्रत्यय लागताना नामाचं रूप बदलतं. संपर्कात नाव असतं 'भाऊ', आपण म्हणतो 'भावाला फोन लाव'. नाव असतं 'वडील', आपण म्हणतो 'वडिलांना लाव'. त्यात अनेकांच्या फोनमध्ये नावं इंग्रजी लिपीत, हवी तशी लिहिलेली असतात. दूधवाला, गॅसवाला, भिशीच्या काकू असा सगळा गोतावळा असतो. आवाज बरोबर ऐकूनही नेमका कोणाला फोन लावायचा, हे यंत्राला कळत नाही ते यामुळे.

शिवाय कोणती मराठी? वऱ्हाडातली, मालवणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली बोली वेगळी आणि बातम्यांतली मराठी वेगळी. उच्चाराच्या फरकाचा परिणाम मोजून पाहिलेला आहे, तोही इंग्रजीत. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यातले सरासरी १९ टक्के शब्द चुकले, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यातले ३५ टक्के. भाषा तीच, पण ज्यांचा आवाज नमुन्यांत कमी त्यांच्या वाट्याला चुका जास्त.

भारतात यावर काम सुरू आहे. केंद्र सरकारचा 'भाषिणी' उपक्रम जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. आयआयटी मद्रासचा 'एआय-फोर-भारत' गट भारतीय भाषांसाठी खुली मॉडेल आणि आवाजाचे नमुने तयार करतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गुगलसोबत 'वाणी' प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात भाषेऐवजी जिल्हा हा घटक धरून देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून लोकांचं बोलणं गोळा करण्याचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकात नसलेली बोलीही नोंदली जाते. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात तर कोणीही घरबसल्या आपला मराठी आवाज देऊ शकतं.

यात कोणाचं अडतं?

ज्याला झरझर टाइप करता येतं त्याच्यासाठी असिस्टंट चुकणं ही फार तर करमणूक आहे. पण सगळ्यांसाठी तसं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष आहे. हातांची हालचाल नीट होत नसलेली माणसं, कंपवाताचे रुग्ण, अक्षरओळख नसलेली किंवा बारीक अक्षर न दिसणारी ज्येष्ठ मंडळी यांच्यासाठी आवाज हाच फोन वापरण्याचा सोपा मार्ग ठरू शकतो. दुचाकी किंवा ट्रक चालवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, शेतात काम करणाऱ्याचे चिखलाने भरलेले असतात.

आता पैशाचे व्यवहारही आवाजाकडे वळत आहेत. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्याची 'हॅलो यूपीआय' सुविधा जाहीर केली, सुरुवात हिंदी आणि इंग्रजीपासून. अशा ठिकाणी 'पंचावन्न' आणि 'पंच्याण्णव' यांत गल्लत झाली तर नुकसान खरं असतं. म्हणूनच आपल्या भाषेत, आपल्या उच्चारात ऐकलं जाणं हा गरजेचा प्रश्न आहे.

आता पुढे काय?

जानेवारी २०२६ मध्ये ॲपल आणि गुगल यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितलं की ॲपलच्या पुढच्या पिढीतली एआय मॉडेल गुगलच्या जेमिनीवर आधारित असतील. वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्ध्याकडून 'डोकं' घेण्याची वेळ ॲपलवर आली, यावरून हे काम किती अवघड आहे याची कल्पना येते.

मॉडेल हुशार झालं तरी ॲप्सच्या कुलूपबंद खोल्यांचा प्रश्न उरतोच. पुढच्या काळात एखादा असिस्टंट किती सफाईने बोलतो यापेक्षा तीन गोष्टी पाहणं महत्त्वाचं ठरेल. तो तुमच्या नेहमीच्या ॲप्समध्ये खरोखर काम करतो का? पैसे पाठवणं किंवा मेसेज करणं अशा कामाआधी तो थांबून खात्री करून घेतो का? आणि चूक झाली तर ती मागे घेता येते का?

तोवर आहे त्यातूनच थोडं बरं काम करून घेता येतं. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये तुम्ही खरोखर बोलता ती भाषा निवडा. संपर्कांतली नावं तोंडाने घेता येतील अशी, सुटसुटीत लिहा. एका वाक्यात एकच काम सांगा. आवाजाचं रेकॉर्डिंग साठवलं जातंय का, हे खात्याच्या सेटिंगमध्ये एकदा तपासा आणि नको असेल तर पुसा. नवा फोन घेताना जाहिरातीत दिसणारी सुविधा 'लवकरच येणार' आहे की आज त्या फोनमध्ये आहे, हे दुकानातच विचारा. शक्य असेल तर तिथेच मराठीत बोलून बघा.